तीन तलवारी, एक काठी

आषाढ लागला की माझे खांदे धरतात. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे, गोळ्या घ्या. मी घेते. पण हे दुखणं वयाच्या बरंच आधीचं आहे आणि लावणीच्या दिवसांत ते न चुकता मुक्कामाला येतं, हे त्यांना सांगून काय उपयोग? सुरूच्या बनापलीकडे समुद्र दिवसरात्र गाजत असतो. चुलीवरच्या दोरीला टांगलेले कपडे सुकत नाहीत, नुसते धुरकट होतात. सकाळची पेज, सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा, आणि दुपारी दोन वाजताच संध्याकाळ झाल्यासारखा उजेड. अशा वेळी माणसानं पडून राहावं. पण पडून राहायची मला सवयच लागली नाही.

यंदा घरात रेवा आहे. माझा धाकटा भाऊ बाळा, त्याची ही मुलगी. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीत आहे आणि काम घरून करायचं असतं, म्हणून आत्याकडे पाऊस बघायला आली. पाऊस तिनं दोन दिवस बघितला. तिसऱ्या दिवसापासून काम संपलं की त्याच लॅपटॉपवर खेळ सुरू. गुहा, राक्षस, खजिने. आपली चार-पाच माणसं जमवायची आणि आत शिरायचं.

"आत्या, एक जागा शिल्लक आहे," परवा ती पडवीतून ओरडली. "धनुष्यवाला घेऊ की जादूगारीण?"

मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "आधी जखमा बांधणारं कोणी घेतलंस का?"

ती चकित होऊन बघत राहिली. "तुला काय माहीत गं यातलं?"

"काही नाही," म्हटलं आणि सूप उचलून आत गेले. माझाच मला राग आला. इतकी वर्षं गेली, आणि अजून माझा हात पहिल्यांदा तिथेच जातो.

ऐंशीच्या दशकातलं शेवटचं कुठलंसं वर्ष. मालवणपासून चालत जाण्याच्या अंतरावर खाडीच्या कडेला आमची वाडी. थोरला भाई बोटीवर होता. त्या पावसाळ्यात तो सुटीवर आला तो सिंगापूरहून एक खोकं घेऊन. सगळ्यांना वाटलं, मिक्सर. आईनं तर जागाही करून ठेवली होती. निघाला कॉम्प्युटर. आताच्यासारखा नव्हे, बटणांची एक जाडसर पाटी, आणि तिच्याच पोटात सगळं यंत्र. ती टीव्हीला जोडायची, टेपरेकॉर्डर लावायचा, आणि कॅसेट कर्कश किंचाळत राहायची. तेवढ्यात एक चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचे. मग पडद्यावर गुहा उमटायची. मधेच लाइट गेली की परत पहिल्यापासून. आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाइट येते कधी, हाच प्रश्न असायचा.

टीव्ही माजघरात होता, कारण आबांची खाट माजघरात होती. आबा म्हणजे आमचे वडील. गावातल्या मानाच्या घरांपैकी आमचं एक. रवळनाथाच्या देवळात गावच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे, म्हणजे आबांकडे. "बा देवा म्हाराजा," असा त्यांनी आवाज टाकला की सभामंडप गप्प व्हायचा आणि मग सगळा गाव मिळून "व्हय म्हाराजा" म्हणायचा. त्याच आबांना शिमगा उलटता उलटता अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि आवाजही गेला. उरले ते मोजकेच शब्द, तेही अर्धे गिळलेले.

त्यांना उठवणं, बसवणं, कूस बदलणं हे काम माझ्याकडे आलं. ते कोणी दिलं नाही. आई शेतात होती, लावणी कोणासाठी थांबत नाही. भाई चार दिवसांचा पाहुणा. बाळाला जमत नसे, तो उचलायला गेला की आबा कण्हायचे आणि बाळाच्याच डोळ्यांत पाणी यायचं. मी नुकती बारावी झाले होते, घरीच होते. महानारायण तेलाच्या वासानं माझी पुस्तकंसुद्धा भरून गेली होती. आणि त्याच दिवसांत कोल्हापूरहून कार्ड आलं. कॉलेजात विज्ञान शाखेला जागा मिळाली होती, वसतिगृहही मिळालं होतं. अमुक तारखेपर्यंत हजर व्हायचं. ते कार्ड मी सगळ्यांत आधी आबांना वाचून दाखवलं. त्यांनी डावा हात उचलला, तो माझ्या डोक्यापर्यंत पोचला नाही, खांद्यावरच टेकला. तोंड वाकडं झालं होतं, तरी हसू ओळखता यायचं.

तर खेळ. त्यात चार माणसं निवडून न्यायची होती. खेळाबरोबर इंग्रजी पुस्तिका होती. भाईला इंग्रजी येत होतं पण धीर नव्हता, बाळाला दोन्ही नव्हतं, म्हणून ती मी वाचली. तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं: लढवय्ये हवेत, पण एक वैदू हवा, एक जादूगार हवा, नाहीतर टोळी टिकणार नाही.

"लिवणारे लिवतत," भाई म्हणाला. "ही तलवार माझी. मी थोरलो."

"मगे मी काय कमी आसय?" बाळा लगेच. "माका पण तलवार."

मीही तलवारच मागितली. का मागू नये? देवळातल्या जत्रेत बाईमाणसाला मान मिळत नाही, निदान इथे तरी मिळेल असं वाटलं. उरली एक जागा. तेवढ्यात खाटेवरून आबांचा आवाज आला. "माका... खंय?"

आम्ही तिघंही ओशाळलो. घरातल्या कर्त्याला सोडून टोळी निघाली होती. मग चौथा लढवय्या आबा. त्यांना सगळ्यांत मोठी तलवार दिली, कारण मान मोठा. ही आमची रीतच. पालखीला खांदा द्यायला माणूस निवडताना कोणी त्याची ताकद बघत नाही, घर बघतात. ज्याचा मान त्याला मिळाला पाहिजे, मग पालखी वाकडी चालली तरी चालेल. आम्ही ती टोळी तशीच बांधली. आत शिरण्याआधी भाईनं टीव्हीपुढे हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आज ही चार लेकरा तुझ्या गुहेत जातत..." आणि आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं.

पहिल्याच वळणावर उंदीर भेटले. साधे उंदीर, जरा मोठे. आम्ही त्यांना मारलं, पण तेही चावले. पुढे कोळी भेटला, पुढे हाडांचा सापळा. चार शूर वीर रक्त गाळत चालले होते आणि ते रक्त थांबवणारं टोळीत कोणीच नव्हतं. पाच मिनिटांत सगळे आडवे. पडद्यावर चार थडगी उभी राहिली. एका थडग्यावर भाईनं हौसेनं लिहिलेलं आबांचं नाव होतं. आम्ही घाबरून खाटेकडे बघितलं.

आबा हसत होते. झटका आल्यापासून इतकं मोठ्यानं पहिल्यांदा. खाट हलत होती. आई शेतातून तशीच चिखलाच्या पायांनी धावत आत आली, तिला वाटलं परत काही झालं.

"सगळ्यांनी... तलवारी घेतल्यात," आबा शब्द शोधत म्हणाले. "मगे हळद... कोण लायतलो?"

जखमेला हळद कोण लावणार. प्रश्न बरोबर होता. बाळानं आधी आबांनाच वैदू करून बघितलं. त्यांना काय कळतंय, असं त्याला वाटलं. आबांनी पडद्यावर तलवारीच्या जागी काठी बघितली आणि तोंड भिंतीकडे केलं. तलवार परत मिळेपर्यंत पेज घेतली नाही. मग भाईला विचारलं, तो म्हणाला, मी बोटीवर रोज दुरुस्त्याच करतो, इथे तरी लढू दे. बाळा माझ्याकडे बघून सहज म्हणाला,

"शुभा आसा मा."

शुभा आहे ना. बस्स. एवढंच झालं. भांडण नाही, जुलूम नाही. मी तलवार ठेवली आणि काठी घेतली, कारण त्या खेळात वैदूला धारेचं हत्यार चालत नव्हतं. जागाही मागची, तिघांच्या पाठीमागे.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं. मी चांगली वैदू होते. कोणाची ताकद किती उतरली यावर माझी नजर असायची. "शुभा, माका बघ!" "शुभा, माका आधी!" दोन्ही भाऊ ओरडायचे आणि मी एका हातानं बटण दाबत, दुसऱ्या हातानं आबांच्या कोपराला तेल चोळत बसायची. आम्ही पहिली गुहा पार केली, दुसरी केली. भाई खुशीत होता. चुलीत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या खात, बोटं काळी करत दुपार निघून जायची. घरात आजारी माणूस आहे हे विसरायला व्हायचं. आजारी माणसालासुद्धा.

एकच गोष्ट मला उशिरा लक्षात आली. पुस्तिकेत होती, मीच नीट वाचली नव्हती. त्या खेळात गुण मिळायचे ते मारणाऱ्याला. ज्याच्या हातून राक्षस पडेल त्याचे आकडे वाढायचे, तो मोठा व्हायचा, त्याला नवी हत्यारं, नवी दारं. जखम बांधणाऱ्याला काही नाही. भाई वाढला, बाळा वाढला, आबासुद्धा वाढले. मी होते तिथेच होते, त्याच काठीसकट. मी हे बाळाला दाखवलं तर तो मनापासून म्हणाला, "पण तू नसतंस तर आमी कदीच मेलो असतो गो."

हे वाक्य मी नंतर आयुष्यात इतक्या जणांकडून, इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ऐकू आलं तरी थकायला होतं. ते खरं असतं, हीच त्यातली अडचण. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

आषाढ सरत आला. भाईला बोटीवरून बोलावणं आलं आणि बाळाला मुंबईत मामांनी नोकरी बघितली. आमच्याकडे घरचं माणूस लांब निघालं की आधी रवळनाथाचा कौल घ्यायची पद्धत. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी सुटली तर देवाचं हो, डावीकडची सुटली तर नाही. आबा खाटेवर, म्हणून गाऱ्हाण्याला चुलते उभे राहिले. आईच्या हातात नारळ, माझ्या हातात ओली छत्री. देवळाच्या कौलांवर पाऊस इतका वाजत होता की चुलत्यांना ओरडून बोलावं लागत होतं. देवाला ऐकू जावं म्हणून की आम्हाला, कोण जाणे.

"बा देवा म्हाराजा, थोरलो झील बोटीर जाता, त्येचा बरा करशीत तर उजवो कौल दी!"

पाकळी उजवी सुटली. आईनं डोळे पुसले.

मग बाळाचा प्रश्न. ही पाकळी बराच वेळ अडून बसली. आई पुटपुटत होती. शेवटी तीही उजवीच पडली. गुरवानं नव्या पाकळ्या ओल्या केल्या, पाषाणावर लावायला हात उचलला आणि आईला विचारलं, "आणि चेडवाचो?"

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मी मनातल्या मनात प्रश्नसुद्धा तयार ठेवला होता.

आई नारळाची शेंडी नीट करत म्हणाली, "ता खंय जाता? ता घराकच आसा."

ती कुठे जाते, ती घरीच आहे. गुरवानं मान डोलावली आणि पाकळ्या ताटात परत ठेवल्या.

आपण जाणार नाही, हे मला असं कळलं. आई वाईट नव्हती. तिनं माझा कौल मुद्दाम टाळला नाही, तो लावायचा असतो हे तिच्या डोक्यातच आलं नाही. देवाला विचारतात ते जाणाऱ्यांचं. राहणाऱ्याचा कौल कोणी लावत नाही. डावी पाकळी पडली असती तर मी देवाला बोल लावला असता, चार दिवस रडून मोकळी झाले असते. पण मला 'नाही' कोणी म्हटलंच नाही. परत येताना शेतात बायका लावणी करत होत्या. आई बांधावरूनच खाली उतरली, साडी खोचली आणि ओळीत उभी राहिली. तिची पाठ मला आठवते. त्या पाठीकडे बघून कोल्हापूरचं नाव काढायला जीभ उचलली नाही. मी घरी आले आणि आबांची कूस बदलली.

पुढे काय झालं ते कुठल्याही घरात होतं तसंच. भाई गेला. जाताना म्हणाला, मशीन तुझ्यासाठी ठेवतो, तुला आवडतं ना. बाळाला पोचवायला एसटी स्टँडवर गेले. त्याची गाडी फोंडाघाटातून कोल्हापूरवरून जाणारी होती. ती कसालच्या रस्त्याला लागेपर्यंत तो खिडकीतून हात हलवत होता, आणि मला हसू आलं की हा माझ्या गावावरून जाणार. हजर व्हायची तारीख आली आणि गेली. त्या दिवशी मी काय केलं ते आठवत नाही. बहुतेक टाकळ्याची भाजी निवडली असेल, आषाढात दुसरं असतं काय?

नंतरचं मात्र आठवतं. एका दुपारी लाइट होती, आई शेतात होती, आबांना डोळा लागला होता. मी कॅसेट लावली. आता चारही माणसं माझ्याच हातात होती. हवं तर चार तलवारी घ्याव्या, चार जादूगार घ्यावे, विचारणारं कोणी नाही. मग तिन्ही भावाबापांना मुक्कामाच्या गावात ठेवलं आणि काठीवाल्या वैदूला एकटीलाच गुहेत पाठवलं.

पुस्तिकेप्रमाणे ती पहिल्या वळणावर मरायला हवी होती. मेली नाही. उंदीर चावले, तिनं स्वतःची जखम बांधली. कोळी चावला, तिनं परत बांधली. एरवी तिघांवर वाटली जाणारी सगळी विद्या आज तिच्या एकटीसाठी होती. काठीनं एकेक राक्षस मारायला फार वेळ लागत होता, पण मरत होते ते, आणि त्यांचे गुण तिला मिळत होते. तिचा आकडा पहिल्यांदा वाढला. मला रडू आलं. एका काळ्या-पांढऱ्या ठिपक्यासाठी कोणी रडतं का? मी रडले. अशी ती आम्ही चौघं कधी पोचलो नव्हतो तिथवर आत गेली, आणि लाइट गेली.

पडदा विझला तेव्हा माजघरात एकदम पावसाचा आवाज भरला. वळून बघितलं तर आबा जागे होते. कधीपासून, कोणास ठाऊक. त्यांनी डाव्या हातानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी हवं असेल. भांडं घेऊन गेले तर त्यांनी ते बाजूला सारलं आणि एकेक शब्द जुळवत विचारलं,

"कोल्हापुराक... कदी जातलंस?"

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. कार्ड वाचून दाखवलं होतं ते त्यांच्या लक्षात होतं, त्यांच्या हिशेबी मी निघणारच होते. सगळ्या घरात तेवढा एकच माणूस मला निघालेली समजत होता, आणि त्याच्याच उशाशी मी भांडं धरून उभी होते. काय सांगणार? तुमच्यासाठी राहिले म्हणाले असते तर ते त्या खाटेवर दुसऱ्यांदा आडवे झाले असते.

"जातलंय, आबा," मी म्हटलं. "पावस जरा कमी झालो की."

त्यांना पटलं. घाटात दरडी पडतात, पोरीनं उघडीप बघूनच निघावं. ते समाधानानं झोपले. पण त्यांना दिवसांचा हिशेब राहत नसे, त्यामुळे थोड्या दिवसांनी त्यांनी परत विचारलं आणि मी परत तेच सांगितलं. श्रावणात विचारलं, दिवाळीत विचारलं, भर मे महिन्यात अंगाची लाही होत असताना विचारलं. तेव्हाही मी म्हटलं, पावस कमी झालो की. मी मालवणच्या बाजारात टायपिंगचा क्लास काढला, केस पिकायला लागले, तरी संध्याकाळी खाटेपाशी गेले की एखाद्या दिवशी त्यांचा डावा हात उठायचा. आणि दर वेळी उत्तर देताना मला क्षणभर खरंच वाटायचं की आपली बॅग भरलेली आहे.

मग एका आषाढात आबा गेले. भाई आला, बाळा आला, दोघंही मला धरून रडले, तू होतीस म्हणून सगळं निभावलं म्हणाले. बारावं-तेरावं झालं आणि ते आपापल्या गाड्यांनी निघाले. मी मोकळी झाले होते, कुठेही जाऊ शकत होते. फक्त त्यानंतर मला 'कधी जाणार' असं कोणी विचारलं नाही.